सोबतचा रकाना

१

माझ्या तपासणीच्या खोलीत बसायला तीन जागा आहेत. माझी फिरती खुर्ची, टेबलासमोर पेशंटसाठी गादीची खुर्ची, आणि त्या खुर्चीच्या जरा मागे, खिडकीखाली भिंतीला लावलेलं एक स्टीलचं स्टूल. स्टूल पेशंटच्या सोबत आलेल्या माणसासाठी. निदान फर्निचर घेताना आमची तशी कल्पना होती.

कोळवणच्या खोऱ्यातली माणसं ही मांडणी मानत नाहीत. इथं पेशंट सहसा एकटा येत नाही, आणि सोबत येतो तो मानानं मोठा असतो. नवरा, सासू, थोरला दीर. तो आत आला की सरळ गादीच्या खुर्चीत बसतो, आणि आजारी माणूस, त्यातून बाई असली तर हटकून, न सांगता स्टुलावर जाऊन टेकतं. मग खुर्चीतला बोलतो आणि स्टुलावरची ऐकत राहते.

लातूरहून नवा आलो तेव्हा मी लोकांना उठवून जागा बदलायला लावायचो. वर्षभरात तो नाद सोडला. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच पडलं. दुखणाऱ्याला दुखण्याचं टोक सापडत नाही. पोट दुखतंय हे सांगायला तो धाकट्या भावाच्या लग्नापासून सुरुवात करतो. सोबतचा माणूस तेच तीन वाक्यांत उरकतो. सकाळी नऊ ते दोन या वेळात सत्तर माणसं तपासायची म्हटल्यावर तीन वाक्यांचं मोल कळतं.

आमचं रुग्णालय तीस खाटांचं, एका ट्रस्टचं. मी तिथला फिजिशियन, नऊ वर्षं झाली. हाताखाली शिकायला आलेल्या डॉ. स्वरदाला मी पहिल्याच आठवड्यात माझी युक्ती देऊन टाकली होती. पेशंट मध्येच बोलायला लागला की तळहात हळूच वर करायचा, रागावल्यासारखा नाही, नुसता थांबा म्हटल्यासारखा. मग सोबतच्या माणसाकडे वळून गोड आवाजात विचारायचं, "काय होतंय ह्यांना?" पोरगी हुशार. महिन्याभरात तिचा तळहात अगदी माझ्यासारखा वर जायला लागला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं.

तरी एक कटकट होतीच. पेशंट दोनला संपायचे आणि लिहिणं पाचला. प्रत्येकाचं टिपण संगणकावर टंकायचं. त्या तीन तासांत माझा डावा खांदा भरून यायचा, कळ जबड्यापर्यंत चढायची, कधी छातीत जळजळायचं. टेबलाच्या वरच्या खणात मी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी ठेवली होती, त्यातली एक घेतली की बरं वाटायचं. बायको, जान्हवी, एकदा तपासून घे म्हणून मागे लागली होती. घरात डॉक्टर मी आहे, असं मी तिला सांगितलं होतं.

२

गणपती उठले त्याच आठवड्यात यंत्र आलं.

बुद्धभूषण ते घेऊन आला. हा नांदे गावचा मुलगा, तिथला पहिला इंजिनिअर, रुग्णालयाचे सगळे संगणक त्याच्याकडे. त्यानं टेबलावर एक टॅबलेट ठेवला आणि शेजारी बत्ताशाएवढा माइक. तुम्ही नुसतं बोला, म्हणाला, लिहायचं काम ह्याचं. खोलीतलं बोलणं ऐकून यंत्र स्वतःच टिपण तयार करणार. माझी धाटणी त्याला यावी म्हणून माझी चार वर्षांची जुनी टिपणं त्यानं आधीच यंत्राला शिकवली होती, हातानं लिहिलेलीसुद्धा.

टिपणात दोन रकाने होते, डॉक्टर आणि रुग्ण. मी म्हणालो, सोबतचा तिसरा रकाना हवा, माझं सगळं काम त्याच्यावर चालतं. बुद्धभूषण जरा अडखळला. बोलणारा कोण आहे ते यंत्राला कळत नाही, आवाज कोणत्या बाजूनं आला एवढंच कळतं, असं त्यानं सांगितलं. खुर्चीकडून आला तर रुग्ण, स्टुलाकडून आला तर सोबत. "पण सर, आपल्याकडं पेशंटच स्टुलावर बसतो की," तो म्हणाला. मी हात झटकला. खुर्चीतून जे बोललं जातं तेच टिपायचं असतं, बोलणारा कोणी का असेना. स्टुलावरून काही आलं तर सोबत म्हणून लिहू दे, मी काय ते बघून घेईन.

आणि खरोखर, काही अडलं नाही. माणसं गावच्या बोलीत बोलायची, यंत्र ते स्वच्छ पुस्तकी मराठीत उतरवायचं. सोबतचा रकाना बहुतेक कोराच राहायचा, कारण स्टुलावरचं माणूस बोलतच नसे. दोन वाजता 'सर्व मंजूर' असं एक बटण दाबलं की सत्तर टिपणांखाली माझी सही पडायची. ती टिपणं वाचून मग सही करायची असते. मी पहिले चार दिवस वाचली.

तीनला मी मारुंजीत घरी पोचायला लागलो. जान्हवी ऑफिसातून यायच्या आत भाजी चिरून ठेवायला लागलो. एवढा सुखी मी बऱ्याच वर्षांत नव्हतो.

३

नरहरी नावाचा टेम्पोवाला आला तो एकटाच. कंबर धरली होती. चार वाक्यं झाली, गोळ्या लिहून दिल्या, तो गेला. पुढच्या पेशंटला हाक मारताना माझी नजर सहज टॅबलेटवर पडली.

रुग्ण: आठ दिवसांपासून कंबर दुखते. वजन उचलल्यानंतर सुरुवात.

सोबत: लघवी तुंबलीया त्याची. लाजतोय. इचारा.

मी स्टुलाकडे पाहिलं. त्यावर कोणी नव्हतं. कोणी आलंच नव्हतं.

नरहरीला औषधाच्या खिडकीवरून परत बोलावलं. विचारलं, तर त्याचा चेहरा उतरला. दोन दिवसांपासून लघवीला नीट होत नव्हतं, मांड्या बधिर झाल्या होत्या, आणि केसपेपर लिहून घेणारी बाई होती म्हणून लाजून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी रोज पाहतो, पण हे भांडं लपवून चालणारं नव्हतं. त्याच दिवशी पुण्याला पाठवलं, मणक्याचं ऑपरेशन झालं, तो वाचला. आणखी एक दिवस गेला असता तर पाय गेले असते, असं तिथल्या सर्जननी मला फोनवर सांगितलं.

मी त्या वाक्याचा विचार केला नाही असं नाही. स्टुलाच्या वर खिडकी आहे, खिडकीबाहेर बाकडं आहे, त्यावर लोक बसतात. नरहरीच्या ओळखीचं कोणी तिथं बसलं असेल आणि बोललं असेल. यंत्राला बाजू तेवढी कळते. मी उठून खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो रकाना पुन्हा भरला. खिडकी बंदच होती.

४

बुद्धभूषणला बोलावलं. त्यानं तासभर काहीबाही उघडून पाहिलं. टिपण झालं की आवाज पुसला जातो, त्यामुळे काय ऐकलं ते आता सापडणार नाही, असं तो म्हणाला. अशी यंत्रं कधी कधी न ऐकलेलंही लिहितात. कुठं जागा रिकामी राहिली तर शिकवलेल्या मजकुरावरून अंदाजानं भरतात.

मी विचारलं, बाकी सगळं पुस्तकी मराठीत आणि अंदाज तेवढा मावळी बोलीत कसा?

त्यानं मान खाजवली. "सर, आठवडाभर आवाज साठवून ठेवू का? म्हणजे ऐकता येईल."

मी नको म्हणालो. तोंडानं म्हणालो की पेशंटची खासगी बोलणी साठवणं बरं नाही. खरं कारण वेगळं होतं. तो दुरुस्त करील याची मला भीती वाटली. कारण एव्हाना त्या रकान्यानं मला सांगितलं होतं की ताप आलेली सून पोटुशी आहे, मधुमेहाचे म्हातारबाबा इन्शुलिन घेतच नाहीत, आणि जिन्यावरून पडले म्हणणाऱ्या बाई पडलेल्या नाहीत. प्रत्येक वेळी मी विचारलं आणि प्रत्येक वेळी ते खरं निघालं. न सांगता ओळखणारा डॉक्टर म्हणून माझं नाव घाटापर्यंत गेलं. ट्रस्टच्या बैठकीत टाळ्या वाजल्या. मी त्या घेतल्या.

हळूहळू मी माणसांकडे बघेनासा झालो. पेशंट बोलत असायचा आणि माझे डोळे तिसऱ्या रकान्यावर असायचे. तो भरला की मी पुढचा प्रश्न विचारायचो. नाही भरला तर सरळ गोळी लिहायचो, कारण काही असतं तर आलं असतं.

एक दिवस अनसूयाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई गुडघे दाखवायला आल्या. दारातच थांबल्या. खिडकीखाली पाहून म्हणाल्या, "ह्या बाईचं आदी बगा की. म्या थांबते, मला न्हाई घाई."

मी म्हणालो, आत कुणी नाही, या. त्या आल्या, पण चालताना स्टुलापासून अंग चोरून आल्या, जसं अरुंद जागेत बसलेल्या माणसाच्या पायाला पाय लागू नये म्हणून येतात. त्या गेल्यावर मी रजनी सिस्टरकडे पाहिलं. रजनी कोळवणचीच, बोलायला रोखठोक. "दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय म्हातारीच्या," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. एवढं हायसं वाटलं की आपण किती ताणून बसलो होतो ते तेव्हा कळलं.

मग मी टॅबलेट पाहिला.

सोबत: माजं राहू द्या. माजं काय आता.

५

टॅबलेट रजनीपुढे सरकवला. तिनं वाचलं आणि हातातलं रक्तदाबाचं यंत्र खाली ठेवलं. मग म्हणाली, "सर, गेल्या साली भातकापणीच्या टायमाला चांगुणा आली होती. आमच्या आळीतली. तितंच बसली होती. ती मेली ते तुमाला ठावं हाय ना?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे कानावर आलं असेल. इथं वर्षाला कितीतरी मरणं कानावर येतात.

दोनला सगळे गेल्यावर मी जुनी टिपणं उघडली, यंत्राला शिकवलेली. तारीख शोधायला वेळ लागला नाही. कागद माझ्या अक्षरात होता. चांगुणा, वय छत्तीस, राहणार कोळवण. पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळ, घाम. रुग्ण काही बोलत नाही. माहिती सोबतच्याकडून. पित्त. गोळी, घरी.

कागद पाहिल्यावर सगळं आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं असं वाटलं. खुर्चीत तिचा नवरा कोंडीराम होता. खाचरातून तसाच आलेला, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, कापणी अर्धी टाकून आल्यामुळे जीव थाऱ्यावर नव्हता. तो म्हणाला होता, "पित्त हाय. कायबी न्हाई. गोळी द्या, घरी धाडा." स्टुलावरच्या बाईनं दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा तिचा हात जबड्याकडे गेला होता. दोन्ही वेळा मी तळहात वर केला. तिचा ईसीजी काढायला पाच मिनिटं लागली असती. ते यंत्र शेजारच्या खोलीतच होतं.

रजनीनं सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाचराच्या बांधावर बसली आणि तिथंच आडवी झाली. कोणी तक्रार केली नाही. कोणी मला विचारायलाही आलं नाही.

मला लाज वाटली. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती म्हणून जास्त वाटली. मग मी स्वतःची समजूत काढायला लागलो. यंत्राला हा कागद शिकवलेला आहे. त्यात सोबतच्याकडून हा शब्द आहे. कुठूनतरी जुळणी होते आणि ते काहीबाही लिहितं, एवढंच. बुद्धभूषणनं हेच सांगितलं होतं. माझ्या टिपणांत कुठंही मावळी बोलीचा एक शब्द नव्हता, ही गोष्ट मी बाजूला ठेवली.

त्या दिवशी मी स्वतः स्टूल उचलून कोठीत नेऊन ठेवलं आणि कोठीला कुलूप लावलं. तिसरा रकाना काढून टाक, असं बुद्धभूषणला सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच पेशंटच्या टिपणात त्या रकान्यानं मला एक लपवलेला क्षयरोग सांगितला. मी बुद्धभूषणला काही सांगितलं नाही.

६

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी अकराच्या सुमाराला, कोंडीराम आला. एकटाच.

मी त्याला लगेच ओळखलं. तो भांडायला आला असेल असं आधी वाटलं, चोराच्या मनात चांदणं तसं. पण तो निमूट खुर्चीत बसला. वर्षात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. पोटाच्या वर दुखतंय म्हणाला, रात्रीपासून, घाम येतोय, अन्न जात नाही. आणखी काहीतरी सांगायला लागला, हाताबद्दल, पण माझं लक्ष टॅबलेटकडे होतं. मला एकच जाणून घ्यायचं होतं, ती काय म्हणते. खिडकीखाली भिंत मोकळी होती.

सोबत: पित्त हाय. कायबी न्हाई. गोळी द्या, घरी धाडा.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ती रागावलेली नव्हती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. सहा आठवड्यांत तो रकाना एकदाही चुकला नव्हता, आणि बाहेर चाळीस माणसं होती. मी कोंडीरामच्या पाठीवर हात ठेवला, काळजी करू नका बाबा म्हणालो, पित्ताची गोळी दिली आणि त्याला घरी पाठवलं.

त्याच्यानंतर दोन पेशंट झाले. तिसरी बाई आत येत असताना माझ्या डोळ्यांपुढे तो जुना कागद आला. मी कोंडीरामचं टिपण पुन्हा उघडलं. तेच शब्द होते. तिचे नव्हते, त्याचे होते. गेल्या वर्षी त्यानं खुर्चीत बसून जे म्हटलं होतं तेच, तसंच्या तसं. पेशंटबद्दल काही आलं की या रकान्यात शेवटी नेहमी 'इचारा' असायचं. यात नव्हतं.

मी उठून पळालो. बाई दारात होत्या, त्यांना धक्का लागला. एसटीचा थांबा फाट्यावर आहे, रुग्णालयापासून अर्धा किलोमीटर चढ. ऑक्टोबरचं ऊन होतं. नऊ वर्षांत मी त्या रस्त्यावर कधी चाललोसुद्धा नव्हतो. अर्ध्यावर छातीत जळजळायला लागलं आणि डावा जबडा आवळल्यासारखा झाला, पण थांबलो असतो तर गाडी गेली असती.

कोंडीराम थांब्याच्या ओट्यावर गुडघ्यांत मान घालून बसला होता. गोळी अजून मुठीतच होती. एका जीपवाल्याला थांबवून त्याला मागे आणला, मीच धरून आणला. रजनीनं ईसीजी काढला आणि पट्टी माझ्यापुढे धरली. शिकाऊ पोरालाही कळलं असतं, एवढा मोठा झटका होता. औषधं दिली, ॲम्ब्युलन्स काढली, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. रजनी त्याच्यासोबत गाडीत चढली.

गाडीचं दार लावण्याआधी कोंडीरामनं माझं मनगट धरलं. "चांगुणालाबी असंच व्हत व्हतं, डाक्टर," तो म्हणाला. "रातभर सांगत व्हती ती. मीच म्हनलं, गप ऱ्हा, डाक्टरला म्या सांगतो."

मी दार लावलं.

७

त्याचा जीव वाचेल असं रजनीनं वाटेतून कळवलं. मी शिपायाला सांगितलं, डॉ. स्वरदांना बोलव, माझी रांग त्यांना घेऊ दे, मला पाच मिनिटं बसायचंय. आणि खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.

माझी फिरती खुर्ची टेबलापलीकडे होती. तेवढी तीन पावलं मला जमेनात. सदरा पाठीला चिकटला होता. मी जवळच्या गादीच्या खुर्चीत बसलो. नऊ वर्षांत या बाजूनं मी माझी खोली पहिल्यांदाच पाहत होतो. इथून डॉक्टरच्या खुर्चीमागचा दिवा नेमका डोळ्यांत येतो. आणि स्टुलाची जागा इथून दिसत नाही, ती खांद्यामागे राहते. बघायचं तर मान पूर्ण वळवावी लागते.

माझी मान वळत नव्हती. जबड्यापासून डाव्या दंडापर्यंत सगळं घट्ट झालं होतं. तरी स्टूल कोठीत नाही, हे मला कळलं. टाइल्सवर स्टीलचा पाय सरकला की एक बारीक आवाज होतो, समोरच्याचं नीट ऐकू यावं म्हणून कुणी थोडं पुढं सरकून बसलं की होतो तसा. तो मी नऊ वर्षं रोज ऐकत आलो आहे. आत्ता तो माझ्या खांद्यामागून आला.

डोळ्यांच्या कोपऱ्यात मला पातळाचा काठ दिसला. हिरवा, खाली चिखलानं कडक झालेला. त्यापेक्षा जास्त मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं मला.

पळत सुटताना मी टॅबलेट टेबलावर तसाच टाकला होता, त्याचं तोंड या बाजूला होतं. पडदा उजळला. खुर्चीत नवं माणूस बसून बोललं की नवं टिपण उघडतं, तसं उघडलं. मी तेव्हा बोललो होतो की नुसता कण्हलो होतो, आठवत नाही.

मग मी मुद्दाम बोललो. खणखणीत बोललो. छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ जातेय, ईसीजी काढा. माझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

रुग्णाचा रकाना कोरा राहिला. तिसऱ्यात अक्षरं उमटायला लागली.

सोबत: पित्त हाय. लई दिसांचं हाय. वरच्या खणात गोळी हाय, ती द्या. घरी धाडा.

मी पुन्हा सांगितलं. माझं नाव सांगितलं, वय सांगितलं, दुखणं किती महिने अंगावर काढलं ते सांगितलं. त्या छत्तीस वर्षांच्या बाईचं मी ऐकायला हवं होतं, हेही सांगितलं. ते मी जिवाच्या आकांतानं सांगितलं, आणि दुखण्याहून जास्त त्यानं मला रडू आलं. यंत्रानं थोडा वेळ घेतला. मग सगळ्यात वर, माझ्याच धाटणीत, स्वच्छ पुस्तकी मराठीत एक ओळ आली.

रुग्ण काही बोलत नाही. माहिती सोबतच्याकडून.

दार उघडलं. स्वरदा होती, हातात चार केसपेपर, गळ्यात स्टेथोस्कोप, घाईत. बाहेर चाळीस माणसं होती, तिची घाई मला समजत होती. मी हात तिच्याकडे केला आणि तोंड उघडलं.

तिनं तळहात हळूच वर केला. रागावल्यासारखा नाही, नुसता थांबा म्हटल्यासारखा. मग माझ्या खांद्यावरून मागे, खिडकीखाली पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "काय होतंय ह्यांना?"

ती ऐकत राहिली. मधून मधून मान हलवत होती. मग टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि तिनं वरचा खण उघडला.